आमचा आखाती प्रतिनिधी

२ फेब्रुवारी, सोमवार

आज ठरवूनच टाकलं. सातासमुद्रापलीकडच्या बड्या देशाला नवा अध्यक्ष मिळाला, त्याने पहिल्याच भाषणात परराष्ट्र धोरणाची पार उलथापालथ केली, आणि आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय चाललंय? गुळाच्या पोळीला तीळ किती घालायचे! जगाचं कोणाला काही पडलेलं नाही. तेव्हा निवृत्त वजनमापे निरीक्षक उपेंद्र चिकोडीकर, म्हणजे मी, उद्यापासून रोज सकाळी ग्रुपवर बातमीपत्र काढणार आहे. नाव 'जगाच्या गच्चीवरून'.

दुपारभर बसून मोबाईलवर बोधचिन्ह तयार केलं. पृथ्वीचा गोल आणि त्यावर दुर्बीण. खाली संपादक म्हणून माझं नाव, मग 'मुख्य कचेरी : चामराजपेट, बंगळूर' आणि त्याखाली 'आखाती प्रतिनिधी : मल्हार चिकोडीकर'. हे सगळं इंग्रजीतही लिहिलं. इंग्रजीत भारदस्त दिसतं.

मल्हार आमचा एकुलता एक. आखातातल्या एका बंदरावर क्रेनच्या देखभालीचा इंजिनिअर आहे. संध्याकाळी फोनवर त्याला चिन्ह दाखवलं तर म्हणतो, "बाबा, माझं नाव कशाला? मी क्रेनला ग्रीस लावतो."

"अरे, जो जागेवर असतो तोच प्रतिनिधी," मी म्हणालो. तो हसला. नीलिमा आतून ओरडली, "तुमच्या प्रतिनिधीला रजा कधी मिळतीय, तेवढं विचारा की!" या घरात मोठं काही करावं म्हटलं की हे असं.

देशांची नावं मी इथे लिहिणार नाही. दैनंदिनी कधी कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. जपून असलेलं बरं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

त्या बड्या देशाचे नवे साहेब बोलले तसे वागले. आखाताच्या पलीकडच्या काठावरच्या देशावर काल ड्रोन सोडले. एकही सैनिक पाठवला नाही. माणूस आपल्या घरी खुर्चीत बसून बटण दाबतो आणि तिकडे बरोबर नेमकं तेवढंच उडतं. मी आजच्या अंकात लिहिलं : 'नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. कमी खर्च, अचूक नेम, आपल्या माणसाला धक्का नाही. नव्या धोरणाचं स्वागत असो.' वर केलेल्या अंगठ्यांचा नुसता पाऊस पडला. मंडळाचे अध्यक्ष अप्पासाहेब यांनी तर 'उपेंद्रराव, तुम्ही दिल्लीत हवे होतात' असं लिहिलं.

अंक खालच्या मजल्यावरच्या भीमाचार्यांना वाचून दाखवला. ते ग्रुपवर नाहीत, पण तीस वर्षांचा शेजार आहे. ते कॉफी फुंकत म्हणाले, "अवरु सुम्ने इर्तारा?" म्हणजे ते लोक गप्प बसतील काय? मग म्हणाले, "उपेंद्रअण्णा, त्यांना तुमच्या साहेबांचा देश जवळ, की तुमच्या मुलाचं बंदर?"

मी त्यांना हवाई संरक्षण म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आचार्य पंचांग छान बघतात, पण राजकारणात त्यांना गती नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मल्हारचा फोन. "बाबा, आधी ऐका. आम्ही ठीक आहोत." मी कॉटवर बसलो.

पहाटे पलीकडच्या देशाने उलट ड्रोन सोडले. एक बंदरातल्या तेलाच्या टाकीवर पडला. मल्हार आणि त्याचा खोलीतला जोडीदार अभिजीत, हा नागपूरचा, दोघे तेव्हा खोलीवर होते. एवढं बोलून त्याने व्हिडिओ पाठवला. गॅलरीतून काढलेला. आधी नुसता आवाज, मिक्सरमध्ये खडा अडकावा तसा. मग टाकी पेटते, धूर वर चढतो, आणि मल्हारचा आवाज येतो, "अभ्या, आत ये, आत ये रे!" नीलिमाने व्हिडिओ पाहिला नाहीच. डोळे मिटून तेवढा आवाज तीनदा ऐकला.

व्हिडिओखाली त्याने लिहिलं होतं : 'हे फक्त घरच्यांपुरतं. प्लीज पुढे पाठवू नका.'

आता परक्याला पाठवू नये हे मलाही कळतं. पण मंडळ परकं आहे का? मल्हारचं बारसं मंडळाच्या बसवनगुडीच्या हॉलमध्ये झालं. मुंजीला वाढपी म्हणून मंडळाचीच माणसं उभी होती. निपाणी, चिकोडी, बेळगाव सोडून इथे आलेल्या आम्हा लोकांना बंगळुरात दुसरं गणगोत कुठलं? घरचे म्हणजे हेच. शिवाय सगळ्यांच्या घरचं कोणी ना कोणी तिकडे आहे. त्यांना खरं काय ते कळायला नको?

व्हिडिओवर आपलं चिन्ह बसवलं, ग्रुपवर टाकला आणि लिहिलं : 'आमच्या आखाती प्रतिनिधीकडून, थेट हल्ल्याच्या जागेवरून!' इंग्रजीतही टाकलं. मुलगा वाचला, आणि तो किती धीराचा आहे हे आपल्या माणसांना दिसलं, या दोन्हीचा आनंद होता.

९ फेब्रुवारी, सोमवार

टीव्हीवर!

अप्पासाहेबांचा भाचा एका वृत्तवाहिनीत आहे. त्यांनी त्याला व्हिडिओ दिला, आणि काल रात्रीपासून तो सारखा दाखवतायत. कोपऱ्यात आपला गोल आणि दुर्बीण. मल्हारचं नावसुद्धा वाचता येतं. बाजारात निघालो तर गल्लीच्या क्रॉसवरचा इस्त्रीवाला म्हणाला, "सार, निम्म मग टीव्हीली!" तुमचा मुलगा टीव्हीवर! मी त्याला थांबून सगळं सांगितलं.

नीलिमाला मात्र आनंद नाही. भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "त्यानं पुढं पाठवा म्हणून सांगितलं होतं काय?"

"तसं काही बोलला नाही," मी म्हणालो.

हे खोटं नाही. पाठवा असं तो म्हणाला नव्हता. तिने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि कोथिंबीर घेऊन आत गेली.

मल्हार फोन उचलत नाही. ड्युटी जास्त लागली असणार.

११ फेब्रुवारी, बुधवार

अभिजीतचा फोन आला. "काका, टेन्शन नका घेऊ," इथून त्याने सुरुवात केली, तेव्हाच कळलं.

सोमवारी दुपारी पोलिसांनी मल्हारला कामावरून नेलं. फोन, लॅपटॉप, पासपोर्ट, सगळं घेतलं. कुठे ठेवलंय सांगत नाहीत. कंपनीचे लोक हात वर करतायत. "काय केलं त्यानं?" मी विचारलं. अभिजीत म्हणाला, "काका, मले काई विचारू नका. माह्या फोनवर जास्त बोलता नाई येत." आणि ठेवला.

नीलिमा देवासमोर बसून आहे. मला काही सुचत नाही. माझं मत असं की ही नव्या साहेबांच्या धोरणाची फळं. यांच्या ड्रोनमुळे तिथलं सरकार बिथरलं आणि उगीच आपल्या साध्या माणसांवर संशय घेतंय. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ते असं. परवापर्यंत मी या माणसाचं स्वागत करत होतो, याची लाज वाटते.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दिल्लीच्या परराष्ट्र खात्याच्या हेल्पलाइनवर सकाळपासून फोन लावला. नाव, पासपोर्ट नंबर घेतला आणि कळवतो म्हणाले. नुसतं हातावर हात ठेवून बसणं मला जमत नाही. नोकरीत मी वजनात फसवणाऱ्या कोणा बड्या व्यापाऱ्याला भ्यालो नाही, तर इथे का भिऊ? विशेष अंक काढला : 'आमच्या प्रतिनिधीला अटक! मुख्य कचेरीकडून जाहीर निषेध!' इंग्रजीत आणि कन्नडमध्येही काढला. तिथल्या सरकारला कळू दे की मल्हार एकटा नाही, त्याच्यामागे संस्था आहे. ज्याच्या त्याच्या पाया पडून सांगितलं की हे सगळीकडे पाठवा.

संध्याकाळी भीमाचार्य वर आले. त्यांची मुलगी रम्या वकील आहे, इंदिरानगरात तिचं ऑफिस आहे. आखातातल्या एका वकिलाशी ती बोलली म्हणे. उद्या सकाळी बोलावलंय. आचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली गेले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहवत नाही, पण लिहितो.

मेट्रोने आम्ही दोघे इंदिरानगरला गेलो. रम्याला मी लहानपणी सायकल शिकवली. आज ती टेबलाच्या पलीकडे होती आणि माझ्याकडे बघायचं टाळत होती. ती म्हणाली, "अंकल, तिथल्या कायद्यात हल्ल्याची जागा चित्रित करून बाहेर देणं मोठा गुन्हा आहे. नुसता फोनमध्ये व्हिडिओ सापडला असता तर दंड करून सोडतात. मल्हारवर आरोप वेगळा आहे. परदेशी वृत्तसंस्थेचा माणूस म्हणून परवान्याशिवाय काम करणं, आणि युद्धाच्या वेळी तिला ठिकाणांची माहिती पुरवणं."

"कोणती वृत्तसंस्था?" मी खरंच विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आरोपपत्राला जोडलेलं चित्र होतं. गोल, त्यावर दुर्बीण. मुख्य कचेरी, चामराजपेट, बंगळूर.

"आणि कालचा निषेध," रम्या हळूच म्हणाली, "तोही त्यांच्याकडे पोचलाय. मल्हार तीन दिवस सांगतोय की अशी काही संस्थाच नाही. काल संस्थेनं स्वतः सांगितलं की तो आमचा माणूस आहे."

नीलिमाने पर्समधून पाण्याची बाटली काढून माझ्यापुढे ठेवली. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण हात माझा होता आणि अवलक्षण पोराच्या कपाळी आलं.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. नीलिमाने पाणीही घेतलेलं नाही.

रम्या म्हणते, मी प्रतिज्ञापत्र द्यायचं की ही संस्था नाही, घरगुती ग्रुप आहे. मंडळाच्या दोघा-तिघांनीही तसंच लिहून दिलं तर जोर येईल. म्हणून सकाळी ग्रुपवर हात जोडून विनंती केली. पहिलं उत्तर यायच्या आधी एकजण ग्रुपमधून बाहेर पडला. मग दुसरा. मी मोबाईल हातात धरून बघत बसलो. ज्यांनी मुंजीत मल्हारला भिक्षा घातली, त्या बायकांची नावं एकेक करून निघून गेली. कोणाचा जावई तिकडे, कोणाची भाची. त्यांना भीती वाटणारच. पण मला वाटलं होतं, निदान फोन तरी करतील.

दुपारी अप्पासाहेबांकडे गेलो. त्यांनी बाय-टू कॉफी, म्हणजे एकीत दोघे, मागवली, साबुदाण्याची खिचडी पुढे केली आणि म्हणाले, "उपेंद्रराव, तुम्हाला भावासारखं सांगतो. मंडळाचं नाव कुठं आणू नका. माझ्या थोरल्याचा व्हिसा या महिन्यात नव्यानं व्हायचाय."

"व्हिडिओ टीव्हीवर तुमच्या भाच्यानं नेला, अप्पासाहेब."

"दिला कुणी?" ते म्हणाले.

मी खिचडीला हात न लावता उठलो. येताना गांधीबाजारात फुलांच्या गर्दीत एका कडेला उभा राहून रडलो. कोणी बघत असेल तर बघो.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रतिज्ञापत्र झालं.

रम्याने मसुदा वाचून दाखवला. मी संपादक नाही. मुख्य कचेरी म्हणजे आमच्या घराची पुढची खोली, तिथे एक कॉट आणि शिलाई मशीन आहे. मी पत्रकार नाही, मला कोणी पगार देत नाही, माझं लिहिणं ग्रुपबाहेर कोणी वाचत नाही. प्रतिनिधी हे पद मुलाला न विचारता मी दिलं. ऐकताना कान तापले, पण सगळं खरं होतं. सरी, ठीक आहे, मी म्हणालो.

मग तिने विचारलं, "अंकल, एक गोष्ट महत्त्वाची. मल्हारनं हे पुढे पाठवा म्हणून सांगितलं होतं का? की नको म्हणाला होता? त्याचा फोन त्यांनी पुसून टाकलाय की काय, माहीत नाही. तो नको म्हणाला असेल आणि तुमच्याकडे मेसेज असेल, तर तोच त्याला वाचवेल."

नीलिमा शेजारीच बसली होती. 'तसं काही बोलला नाही' हे माझं उत्तर तिच्या लक्षात असणार, तिच्या सगळं लक्षात राहतं. मोबाईल माझ्या खिशात होता. एवढा जड मला तो कधी लागला नव्हता. क्षणभर वाटलं, हे वाक्य नसलं तरी चालेल, बाकी एवढं खरं लिहिलंय. खरंच वाटलं तसं. स्वतःच्या पोराच्या सुटकेपेक्षा बायकोपुढची अब्रू मला क्षणभर मोठी वाटली, हे इथे लिहून ठेवतो.

मोबाईल काढला आणि मेसेज उघडून आधी नीलिमाच्या हातात दिला. तिने वाचला. चष्मा पुसला, परत वाचला. मग मोबाईल रम्याकडे सरकवून कन्नडमध्ये म्हणाली, "हे जोड, बाळा." माझ्याशी बोलली नाही.

परत येताना मेट्रोत जागा होती, तरी ती उभीच राहिली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

कागद तिकडे पोचले. उत्तर नाही.

काल बंदरावर पुन्हा ड्रोन आले. नव्या साहेबांनी नवं भाषण केलं, धोरण यशस्वी होतंय म्हणे. पूर्वी मी त्यावर पानभर लिहिलं असतं. आता मला एवढंच दिसतं की मल्हार कुठल्या तरी कुलपाच्या आत आहे, आणि वरून ते खडखडणारं यंत्र येतं तेव्हा तो गॅलरीतून आत पळूसुद्धा शकत नाही. दूर खुर्चीत बसून बटण दाबणाऱ्याला खाली कोण आहे ते दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं. मीही बटणच दाबलं होतं.

नीलिमा कामापुरतं बोलते. काल मी दाढी करताना कापून घेतलं तेव्हा तुरटी आणून दिली. "असू दे," म्हणाली. कशाला म्हणाली कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

सुटला!

दुपारी रम्या धावत जिना चढून आली. वृत्तसंस्थेचा आरोप मागे घेतला. त्याने नको म्हटलं होतं ही गोष्ट तिथल्या वकिलाने उचलून धरली. ताकीद देऊन सोडलं, पासपोर्टही दिला. विमानं बंद आहेत म्हणून येता येत नाही, ती सुरू होईपर्यंत खोलीवरच राहायचं. नीलिमा रम्याच्या गळ्यात पडून रडली. मी भीमाचार्यांच्या पाया पडलो. ते वयाने माझ्याहून लहान आहेत, हे नंतर लक्षात आलं. त्यांनी सकाळचा पेपर दाखवला. बंदर मंगळवारपासून पूर्ण बंद आहे, सगळ्या क्रेन थांबवल्यात, तेव्हा मल्हारला कामावर जायचीही धास्ती नाही, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज बसला होता. नीलिमाने स्पीकर लावून मोबाईल आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला. मी आधी एवढंच म्हणालो, "बाळा, चुकलं रे माझं."

"जाऊ द्या बाबा," तो म्हणाला. रागाने नाही, पण परक्या माणसाला म्हणावं इतक्या नीट.

मग बराच वेळ आई आणि तो बोलले. शेवटी मला राहवलं नाही. "तिकडे आता कसं आहे?"

"ठीक आहे. सगळं नॉर्मल आहे."

तेवढ्यात फोनमध्ये भोंगा वाजायला लागला, लांबलचक. पाठोपाठ धप्पकन मोठा आवाज झाला. नीलिमाने माझं मनगट घट्ट धरलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"मल्हार? काय रे ते?" मी विचारलं.

"काही नाही बाबा. क्रेननं कंटेनर खाली ठेवला."

लहानपणी शाळेत कोणाची पेन्सिल हरवली तेही हा मुलगा घरी येऊन मला सांगायचा. आता माझ्याशी तो जपून बोलतो, आणि जपूनच बोलायला हवं, हे मला कळलं. नीलिमाचे डोळे भरले होते. तिने मान हलवली, विचारू नका.

"बरं," मी म्हणालो. "जेवलास काय?"

"जेवलो. तुम्ही?" भोंगा अजून वाजत होता.

आम्ही केव्हाच जेवलो, असं मी त्याला सांगितलं. कुकर अजून लावायचा होता.